एका गुणाचा हिशेब

मराठीत फुटबॉलचा सामना 'बरोबरीत सुटतो'. कोल्हापुरात आठवीच्या वर्गावर मराठी शिकवत होते तेव्हा 'सुटणे' या एका क्रियापदावर मी अख्खा तास घालवलेला आहे. शाळा सुटते, गाठ सुटते, गाडी सुटते, पोट सुटतं, नोकरी सुटते, आणि सामना बरोबरीत सुटतो. क्रिकेटचा कसोटी सामना मात्र 'अनिर्णित राहतो'. हा फरक मुलांना लगेच कळायचा. कसोटीत निकाल लावायला पाच दिवस पुरले नाहीत, म्हणून तो राहिला. फुटबॉलमधली बरोबरी हा निकालच असतो. नव्वद मिनिटं झाली, दोघांना एकेक गुण मिळाला, आता घरी जा. कुस्तीच्या मैदानात तर कोल्हापूरकराला बरोबरी चालतच नाही. पोस्टरवरच 'निकाली कुस्त्या' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि पंचांनी एखादी जोड बरोबरीत सोडवली की लोक कुरकुरत उठतात.

मंडळी, गेल्या दिवाळीत या सदरात मी इथल्या शाळेतल्या डब्यांबद्दल लिहिलं होतं. यंदाचा विषय आमच्या घरातल्या अकरा वर्षांच्या आर्सेनलभक्ताने ठरवला आहे. ज्यांना फुटबॉलचं वावडं आहे त्यांनी लगेच पान उलटू नये. ऑफसाइडचा नियम मी समजावून सांगणार नाही. प्रश्न एवढाच आहे. आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर जातो, झगडतो, बरोबरी करून परत येतो. मग त्याच संघाची माणसं आपापसात एवढी का भांडतात?

आधी 'दुसऱ्याचं मैदान' म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते इथे आल्यावरच कळलं. फुटबॉल मला नवा नव्हता. मंगळवार पेठेत लहानाची मोठी झाले, तिथे पाटाकडील तालमीचा सामना असला की दुपारनंतर गल्लीत पुरुष माणूस दिसायचा नाही. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आम्हाला नातेवाइकांसारखी पाठ. पण आमच्याकडचे हे सगळे संघ खेळतात एकाच शाहू स्टेडियमवर. पेठा वेगळ्या, मैदान एकच. सामना हरला तरी माणूस पंधरा मिनिटांत चालत आपल्या घरी. त्यामुळे कोल्हापुरात 'घरचा सामना' आणि 'बाहेरचा सामना' असा भेदच नाही.

इथे तो भेद मुळापासून आहे. प्रीमिअर लीगमध्ये वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. त्यातले १९ आपल्या मैदानावर आणि १९ समोरच्याच्या. बाहेरच्या मैदानावर पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना एक कोपरा मिळतो, जास्तीत जास्त तीन हजार जागांचा. उरलेले पन्नासेक हजार लोक तुमच्या विरोधात. मध्ये पोलीस आणि पिवळ्या जॅकेटातले कर्मचारी. या कोपऱ्यातल्या तिकिटाला २०१६पासून तीस पौंडांची मर्यादा घातलेली आहे, पण लंडनहून मँचेस्टरला जायचं तर रेल्वेचं तिकीट त्याहून कितीतरी महाग पडतं. तरीही त्या तीन हजार जागांसाठी झुंबड असते. ही माणसं दमछाक करून जातात, नव्वद मिनिटं उभ्याने गातात आणि मध्यरात्री घरी पोचतात.

आता तो सामना. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी साडेचार. मँचेस्टर सिटीचं एतिहाद स्टेडियम, समोर लागोपाठ चार वर्षं विजेते ठरलेला संघ. नवव्या मिनिटाला हालांडने गोल केला आणि आमच्या दिवाणखान्यात सुतक पसरलं. मग कालाफिओरी नावाच्या नव्या इटालियन पोराने लांबून असा काही चेंडू वळवला की गोलरक्षक बघतच राहिला. मध्यंतराच्या तोंडाशी कॉर्नरवर गॅब्रिएलने डोक्याने दुसरा गोल केला. आर्सेनल २, सिटी १. चिरंजीव सोफ्यावर उभे. आणि मध्यंतराची शिट्टी व्हायला काही क्षण असताना ट्रोसार्डने फाउल करून वर चेंडू लांब टोलवला. दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. तो बाहेर, संघ दहा जणांचा.

पुढचा अर्धा सामना फुटबॉलचा वाटतच नव्हता. पन्हाळ्याला वेढा पडल्यासारखं चाललं होतं. सगळे दहाच्या दहा आपल्या गोलपाशी. चेंडू आर्सेनलच्या पायात जेमतेम आठवा हिस्सा वेळ. सिटीने त्या अर्ध्या डावात गोलवर २८ फटके मारले. कुणी पायाने अडवला, कुणी छातीने, उरलेले राया या गोलरक्षकाने. नव्वद मिनिटं झाली. भरपाई वेळही संपत आली. आणि त्या वेळेच्या आठव्या मिनिटाला गर्दीतून जॉन स्टोन्सने चेंडू आत ढकलला. २-२. बरोबरीत सुटला.

आमच्या घरात त्या संध्याकाळी एकाच संघाचे तीन पक्ष तयार झाले. चिरंजीव रडत होते. त्यांच्या मते दोष शंभर टक्के रेफरीचा, एवढ्याशा कारणासाठी कुणी लाल कार्ड देतं का? माझा नवरा पुण्याचा, त्याला आधी चूक कुणाची ते ठरवल्याशिवाय जेवण जात नाही. तो म्हणाला, रेफरीने यांना चेंडू टोलवायला सांगितलं होतं का? हातातले दोन गुण घालवले. मी म्हटलं, दहा जणांनी त्या घरात जाऊन एक गुण आणला, हे काय थोडं झालं? त्यावर बाप-लेक प्रथमच एक झाले आणि दोघांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

पुढचे दोन-चार दिवस जिथे जाईन तिथे हीच तीन मतं ऐकू येत होती. शाळेच्या फाटकापाशी एक आई, केस कापायच्या दुकानातला सायप्रसचा माणूस, भाजी घेताना भेटलेली पटेलबाई. बहुतेक सगळे आर्सेनलचे, आणि तरी कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. कुणी म्हणे, ही चारित्र्याची खूण, असाच संघ विजेता होतो. कुणी म्हणे, इतका वेळ नुसतं घर लावून बसलात म्हणून शेवटी दार फुटलं. सिटीच्या खेळाडूंनीही वेळकाढूपणाबद्दल नाकं मुरडली होती, त्याचं आर्सेनलच्या काही पाठीराख्यांना दुःख आणि काहींना भूषण. एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. ज्यांनी सामना टीव्हीवर पाहिला होता ते चिडलेले होते. जे मँचेस्टरला जाऊन आले होते ते थकलेले होते, पण चिडलेले नव्हते.

आमच्या शेजारचे आजोबा त्या दुसऱ्या गटातले. मूळचे आयर्लंडचे, पंचाहत्तरी ओलांडलेले, लेकीबरोबर अजूनही बाहेरच्या सामन्यांना जातात. सोमवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आले तेव्हा त्यांचा घसा पूर्ण बसला होता आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. मी विचारलं, वाईट वाटलं असेल ना? ते म्हणाले, गोल झाला तेव्हा वाटलं. पण मग पोरं आमच्या कोपऱ्यापाशी आली, त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि वाईट वाटायचं राहून गेलं.

त्या दिवशी डब्यापाशी उभं राहून त्यांनी मला एका गुणाचा इतिहास सांगितला. इंग्लंडमध्ये १९८१पर्यंत जिंकलं की दोन गुण मिळायचे आणि बरोबरीला एक. म्हणजे बरोबरी ही विजयाच्या निम्मी. त्या काळचा सगळ्या प्रशिक्षकांचा साधा मंत्र होता, घरी जिंका, बाहेर बरोबरी करा, विजेतेपद आपोआप येईल. बाहेरून एक गुण घेऊन आलेल्या संघाला तेव्हा कुणी 'दोन घालवले' म्हणत नसे, कारण घालवायला दुसरा एकच होता. १९८१मध्ये विजयाचे तीन गुण झाले. लोकांनी आक्रमक खेळावं हा हेतू. पुढे १९९४च्या विश्वचषकातही तेच आलं. बरोबरीचा एक गुण होता तिथेच राहिला, पण तो निम्म्याचा तिसरा हिस्सा झाला. महागाईत पेन्शन राहते तसा, असं मी मनात म्हटलं.

मग त्यांनी २००३ची गोष्ट काढली. तारीख २१ सप्टेंबर, शहर पुन्हा मँचेस्टर, मैदान युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड. तिथेही आर्सेनलचा कर्णधार व्हिएरा लाल कार्डावर बाहेर गेला आणि दहा जण उरले. अगदी शेवटी युनायटेडला पेनल्टी मिळाली. व्हॅन निस्टलरॉयने मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आपटून परत आला. ०-०. शिट्टी होताच आर्सेनलच्या खेळाडूंनी त्याला घेरून असा काही धिंगाणा घातला की क्लबला दंड झाला आणि काही जणांवर सामनाबंदी आली. त्या आठवड्यात या बरोबरीचं कौतुक फारसं कुणी केलं नाही. सगळी चर्चा गैरवर्तनाची. पण त्या मोसमात आर्सेनलने ३८पैकी २६ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. ती चेंडू-दांड्याची भेट झाली नसती तर 'अजिंक्य संघ' हे बिरुद सहाव्या-सातव्या सामन्यातच गेलं असतं. आजोबा त्या कोपऱ्यात हजर होते. तो दांडा अजून हलतोय, असं ते हाताने करून दाखवतात.

मास्तरीणबाईंना आकडे मिळाले की त्या गप्प बसत नाहीत. मी जुन्या मोसमांचे तक्ते काढले आणि आदल्याच वर्षीची एक बरोबरी सापडली. ३१ मार्च २०२४, ईस्टरचा रविवार, तेच एतिहाद, आर्सेनल आणि सिटी ०-०. त्या रात्री आर्सेनलची माणसं खुशीत होती. आदल्या वर्षी याच मैदानावर ४-१ असा मार खाल्ला होता, आता सिटीला त्यांच्या घरात एकही गोल करू दिला नाही. आर्सेनल ६५ गुणांवर, सिटी ६४वर. मग मे महिना आला. सिटीचे ९१, आर्सेनलचे ८९. आता मार्चमध्ये टाळ्या वाजवणारेच बोटं मोडू लागले की त्या दिवशी जिंकायला का गेला नाहीत? गणित खरंच बोचरं आहे. तो सामना आर्सेनलने जिंकला असता आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर आर्सेनल ९१ आणि सिटी ९०. पण 'बाकी सगळं तसंच राहिलं असतं' हे वाक्य गणिताच्या पुस्तकातच बरं. जिंकायला पुढे गेले असते आणि हरले असते तर? शिवाय एप्रिलमध्ये आपल्याच घरी अॅस्टन व्हिलाकडून ०-२ आणि डिसेंबरात वेस्ट हॅमकडून ०-२ असे पराभव झाले होतेच. विजेतेपद घरच्या अंगणात सांडलं होतं, आणि लोक बाहेरच्या एका गुणाकडे बोट दाखवत होते.

बरं, २०२४च्या सप्टेंबरमधल्या ज्या दोन गुणांवरून आमच्या घरी जेवणं थंड झाली, त्यांचं पुढे काय झालं? फेब्रुवारीत आर्सेनलने सिटीला आपल्या घरी ५-१ हरवून जुनं उट्टं काढलं. पण मोसमाअखेर लिव्हरपूल ८४ गुणांवर विजेता आणि आर्सेनल ७४वर दुसरा. दहा गुणांचं अंतर. ते दोन मिळाले असते तरी काहीच बदललं नसतं.

म्हणजे तीन बरोबऱ्या पाहा. २००३ची त्या दिवशी लाजिरवाणी वाटली, पुढे सोन्याची ठरली. मार्च २०२४ची त्या दिवशी गोड लागली, मे महिन्यात कडू झाली. सप्टेंबर २०२४ची त्या दिवशी जीव घेत होती, आणि वर्षअखेरीस तिचं नावही कुणी काढलं नाही.

आपल्या मंडळातल्या लोकांना फुटबॉलपेक्षा क्रिकेट जवळचं, म्हणून यंदाच्या जुलैची आठवण करून देते. पुन्हा मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्डच, पण क्रिकेटचं. भारत मालिकेत १-२ असा मागे. इंग्लंडची पहिल्या डावातली आघाडी ३११ धावांची, आणि दुसऱ्या डावात पहिल्याच षटकात शून्यावर दोन बळी. तिथून राहुल आणि गिल यांनी पाय रोवले, गिलने १०३ केल्या, मग जडेजा नाबाद १०७ आणि वॉशिंग्टन सुंदर नाबाद १०१. शेवटी स्टोक्स हस्तांदोलनाला हात पुढे करून आला तर यांनी सांगितलं, अजून खेळायचंय. सामना अनिर्णित राहिला. आपल्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री कुणी 'जिंकायला हवा होता' म्हटलेलं मी पाहिलं नाही. पुढे ओव्हलवर सहा धावांनी जिंकून मालिका २-२ झाली, तेव्हा मँचेस्टरची किंमत आणखी वाढली.

याचं कारण मला असं दिसतं की आपण बरोबरीला कुठल्या पायरीवरून पोचलो, त्यावर सगळं ठरतं. भारत खालून वर चढत बरोबरीला आला. आर्सेनल वरून खाली घसरत आला. दोघे उभे एकाच पायरीवर, पण एकाला धाप लागलेली आणि दुसऱ्याचं ढोपर फुटलेलं.

आणि हे फक्त आर्सेनलच्याच माणसांचं आहे असं नाही, याचा पुरावा गेल्याच महिन्यात मिळाला. २१ सप्टेंबर २०२५, या वेळी सामना लंडनला, आर्सेनलच्या एमिरेट्सवर, आणि पाहुणा संघ सिटी. हालांडने पुन्हा नवव्या मिनिटाला गोल केला, जणू त्याने वेळ राखून ठेवली आहे. मग ज्या ग्वार्डिओलाचा संघ एरवी चेंडू कुणाला देत नाही, त्याच संघाने तटबंदी केली. चेंडू त्यांच्याकडे एक तृतीयांश वेळसुद्धा नव्हता. हालांडलाही बाहेर बोलावून घेतलं. आणि भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला मार्टिनेलीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलून आत टाकला. १-१. नवऱ्याच्या ऑफिसात मँचेस्टरचा एक सहकारी आहे, सिटीचा कट्टर. गेल्या वर्षी स्टोन्सच्या गोलनंतर त्याने रात्रभर चेष्टेचे मेसेज पाठवले होते. या वेळी सोमवारी तो म्हणाला, नव्वद मिनिटं नुसतं घर लावून बसलात की असंच होणार, दोन गुण घालवले. नवऱ्याने घरी येऊन मला हे वाक्य ऐकवलं तेव्हा तोच हसू लागला. शब्द न् शब्द त्याचाच होता, फक्त जर्सी बदलली होती.

आता शेवटचा हिशेब, माझ्या खात्यातला. मी २०१७ साली कोल्हापूरच्या शाळेतली कायम नोकरी सोडून इथे आले. एम.ए. मराठी, बी.एड., नऊवारी नेसून गॅदरिंगला निवेदन करणारी बाई. इथल्या शाळांतल्या मुलांना गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू या भाषांची जीसीएसई परीक्षा देता येते, मराठीची नाही. त्यामुळे माझा विषयच इथल्या वेळापत्रकात नाही. दर शनिवारी मी आमच्या जेवणाच्या टेबलावर सात मुलांना मराठी शिकवते. त्यातली चार नियमित येतात. दोघींना आता आजीला पानभर पत्र लिहिता येतं.

दरवर्षी फराळाच्या दिवशी कोल्हापूरहून फोन येतो आणि थोरली बहीण हमखास विचारते, "एवढी नोकरी सोडून गेलीस, मिळवलंस काय गं?" तिचा हेतू वाईट नसतो. तिने माझा सामना टीव्हीवर पाहिलेला आहे. तिला दिसतात ते हातातून गेलेले दोन गुण: कायम नोकरी, वेतन आयोग, पेन्शन. ते गेले हे खरंच आहे, मी ते लपवत नाही. पूर्वी मी फोनवरच तिला एकेक मुद्दा खोडून काढायला बसायची आणि चकल्या करपायच्या. यंदा मी तिला म्हणणार आहे, अक्का, अजून मे महिना आलेला नाही. आणि त्या दोघींपैकी एकीचं पत्र तिला फोनवरून वाचून दाखवणार आहे. त्यात 'आजी' हा शब्द चार वेळा आलाय आणि एकदाच चुकलाय.

या वाचकांत असे पुष्कळ जण असतील, ज्यांच्या घरी असाच फोन येतो. कुणी बँकेतली बढती सोडून आलं, कुणी दवाखाना, कुणी म्हाताऱ्या आईवडिलांच्या जवळचं घर. एक गुण आणला की दोन घालवले, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ते सोमवारी सकाळीच ठरवू नका. आणि आपल्या कोपऱ्यापाशी कुणी दमलेलं माणूस आलं, तर आधी टाळ्या वाजवा, हिशेब नंतर. शेजारच्या आजोबांकडे मी या वर्षी चिवडा जरा जास्त देणार आहे. पुढच्या बाहेरच्या सामन्याला ते तो डब्यात घालून नेणार आहेत.